दादाच्या हाताची थरथर आणि आईचं 'मीठ बंद'

धाकटी_अकोला (शुक्रवार, संध्याकाळी ७.१०)

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

माझा दादा ४६ वर्षांचा आहे. बायपोलर, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी फार खचतं असा आजार. अकरा वर्षं लिथियमवर आहे, ४०० एसआरच्या (हळूहळू विरघळणाऱ्या) दोन गोळ्या, रात्री जेवणानंतर. या अकरा वर्षांत एकदाही ॲडमिट करावं लागलं नाही. स्वतःचं झेरॉक्सचं दुकान चालवतो. रक्तातली लिथियमची लेव्हल नेहमी ०.७ च्या आसपास. शेवटची जानेवारीत केली, ०.६८ होती.

बारा दिवसांपूर्वी डोकं दुखतंय म्हणून घराजवळच्या डॉक्टरांकडे गेला. बीपी १५०/९६ निघालं. त्यांनी सकाळची एक गोळी सुरू केली. पाकिटावर टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ असं लिहिलंय. मीठ कमी करा म्हणाले. आमच्या आईला 'कमी' हा शब्द ऐकूच येत नाही. लोणचं बंद, पापड बंद, वरणात मीठ नाही, पोळीच्या कणकेतसुद्धा नाही. "मीठ बंद म्हंजे बंद. त्याच्या बापाले बीपीनंच नेलं."

चार दिवसांपासून दादाचा हात थरथरतोय. तशी बारीक थरथर त्याला पहिल्यापासून आहे, पण आता कपातला चहा बशीत सांडतो. दोन दिवस जुलाब झाले. आज दुकानात जाताना भिंतीला हात लावत लावत चालत होता आणि बोलताना जीभ जरा जड वाटली. आई म्हणते, "ऊन लागलं त्याले, पन्हं दे." आमच्याकडे पारा ४४ वर आहे, त्यामुळे मलाही आधी तेच वाटलं.

त्याचे मानसोपचारतज्ज्ञ नागपूरला असतात, सध्या बाहेरगावी आहेत, सोमवारी येतील. फोन लागत नाहीये. सोमवारपर्यंत थांबू का? आणि मिठाचा लिथियमशी काही संबंध असतो का? अकरा वर्षांत हे आम्हाला कुणी नीट समजावलं नाही. ही गोळी नेमकी करते तरी काय?

---

पंपहाऊस_मिरज (शुक्रवार, संध्याकाळी ७.२२)

ताई, आधी एवढंच वाचा. बाकीचं मी नंतर लिहितो.

आज रात्रीची लिथियमची गोळी देऊ नका. सोमवारची वाट बघू नका. आत्ता, जेवायच्याही आधी, दादांना मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. गाडीवर मागे बसवून नको, रिक्षाने न्या. दोन्ही गोळ्यांची पाकिटं आणि जानेवारीचा रिपोर्ट बरोबर घ्या. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "पेशंट लिथियमवर आहे आणि बारा दिवसांपूर्वी बीपीची थायझाइडवाली गोळी सुरू झालीय." 'चक्कर येतेय, जुलाब होतायत' यापासून सुरुवात केलीत तर ओआरएस देऊन घरी पाठवतील. लिथियम लेव्हल, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवतं), सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या.

थरथरीने मी घाबरलो नसतो. भिंतीला हात लावून चालणं आणि जीभ जड होणं, हे तुम्ही सहज लिहून गेलात, घाबरलो ते त्याला.

---

धाकटी_अकोला (शुक्रवार, संध्याकाळी ७.३१)

निघालोय. शेजारच्या काकांची गाडी मिळाली.

---

नाशिकची_लॅबवाली (शुक्रवार, रात्री ८.०५)

ताई, वाटेत असाल तर एक छोटी गोष्ट. मी लॅब टेक्निशियन आहे. रक्त घेताना नळीच्या टोपीचा रंग बघा. हिरव्या टोपीच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असतं, आणि ते बऱ्याचदा लिथियम हेपॅरिन असतं. म्हणजे नळीतच लिथियम! त्यात रक्त घेतलं तर लेव्हल खोटीच वाढून येते. लाल किंवा पिवळ्या टोपीची नळी हवी.

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. मी पूर्वी एका ठिकाणी होते तिथे एका आजोबांचा रिपोर्ट २.९ आला. सगळ्यांची पळापळ. आजोबा बाहेर बाकावर बसून शेंगदाणे खात होते, मला म्हणाले, "पोरी, माझ्या चपला कुणी घेऊन जात नाही ना बघ." २.९ चा माणूस असा बोलत नाही. नळी बघितली तर हिरवी टोपी. परत घेतलं, ०.७.

दुसरं, एरवी लेव्हल शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायची असते. रात्री नऊला गोळी तर सकाळी नऊला रक्त. गोळी घेऊन तीन तासांत रक्त दिलं तर आकडा उगाच मोठा येतो. पण आज बारा तासांचा हिशोब करत बसू नका, लगेच घेऊ द्या. फक्त काल गोळी किती वाजता घेतली ते फॉर्मवर लिहायला सांगा.

---

पंपहाऊस_मिरज (शुक्रवार, रात्री ९.१५)

आता तुमच्या प्रश्नाचं. परत आल्यावर वाचा.

मी डॉक्टर नाही. पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर आहे आणि २००३ पासून लिथियमवर आहे. जे लिहितोय ते वीसेक वर्षं डॉक्टरांना विचारून विचारून आणि एकदा चांगलंच आपटून कळलेलं आहे.

लिथियम हे औषध म्हणून विचित्रच. बाकीची औषधं म्हणजे मोठाले रेणू, यकृत त्यांची मोडतोड करतं आणि निकालात काढतं. लिथियम हे साधं मूलद्रव्य. आवर्त सारणीत तिसरं, सोडियमच्या बरोबर वरच्या घरात राहणारं. यकृत त्याला हात लावत नाही, रक्तातल्या प्रथिनांना ते चिकटत नाही. जसं पोटात गेलं तसंच्या तसं लघवीतून बाहेर. म्हणजे आउटलेट एकच, मूत्रपिंड.

आता मूत्रपिंड आमच्या फिल्टर बेडसारखं नसतं. आमचा बेड गाळ अडवतो आणि पाणी पुढे सोडतो. मूत्रपिंड आधी जवळजवळ सगळंच खाली सोडून देतं आणि मग त्यातलं कामाचं परत उचलून घेतं. दिवसाला १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर, यावरून किती परत उचललं जातं ते बघा. सोडियम परत उचलताना शेजारच्या घरातलं हे लिथियमही त्याच रांगेतून आत येतं. मूत्रपिंडाला दोघांतला फरक कळत नाही. गाळलेल्या लिथियमपैकी साधारण ऐंशी टक्के असं परत येतं आणि वीसेक टक्केच बाहेर पडतं.

आईंनी मीठ बंद केलं. शरीराला वाटलं, सोडियमचा दुष्काळ पडला, दिसेल तेवढं उचला. त्याबरोबर लिथियमही जास्त उचललं गेलं. वर ४४ चं ऊन, घामातून मीठ-पाणी गेलं. मग जुलाब, आणखी पाणी गेलं. आणि या सगळ्यावर ती बीपीची गोळी. तिच्यातलं हायड्रोक्लोरोथायझाइड मूत्रपिंडाच्या पुढच्या नळीत सोडियम बाहेर काढतं, ते भरून काढायला अलीकडची नळी जास्त जोर लावते, आणि लिथियम उचललं जातं ते मुख्यतः याच अलीकडच्या नळीत. नुसत्या थायझाइडने लेव्हल पाव ते चाळीस टक्क्यांनी चढू शकते. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधंही लेव्हल चढवतात. एका पाकिटात दोन्ही!

दादांनी अर्धीही गोळी जास्त घेतलेली नाही. टाकीत पाणी तेवढंच येत होतं, आउटलेटचा वॉल्व्ह घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून, दोघांच्याही नकळत, फिरवून बंद केला.

त्यात या औषधाला सवड फार कमी. कायमची चालू ठेवताना बहुतेकांना ०.६ ते ०.८ ठेवतात, दीडच्या वर विषबाधेची भाषा सुरू होते, दोनच्या वर गंभीर. दुप्पट झालं की संपलं. पॅरासिटामॉलसुद्धा दुप्पट घेतली तर एका दिवसात सहसा काही होत नाही. हे तसं नाही, आमच्या क्लोरीनसारखं आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवंच आणि खूप जास्त चालत नाही, आणि डोळ्यांना कळत नाही म्हणून रोज मोजावं लागतं. आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या मेंदूत ते मुरलेलं असतं. त्यामुळे दीडचा आकडाही जुन्या पेशंटला जड जाऊ शकतो, आणि रक्तातलं उतरल्यावरही तोल सावरायला दिवस लागतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या लेव्हल उतरली आणि हात थरथरतच राहिला तर घाबरू नका.

माझं आपटणं २००९ च्या मे महिन्यातलं. वॉल्व्ह फिरवताना कंबर धरली. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणली आणि सहा दिवस दोन वेळा खाल्ली. कुणाला विचारलं नाही, दुखण्याच्या गोळीत काय विचारायचं? सातव्या दिवशी शिफ्टच्या रजिस्टरमध्ये सही केली आणि सहकारी म्हणाला, "ही कुणाची?" कोंबडी चालून गेल्यासारखी रेघ होती. लेव्हल १.९. चार दिवस सलाइन. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक ही सगळी मंडळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात, लिथियम आत तुंबतं. तेव्हापासून माझ्या पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी असते: 'लिथियम चालू आहे. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल.'

आता एक जुनी गोष्ट, तुमच्याच घरात घडल्यासारखी. १९४९ साली अमेरिकेत हृदयाच्या आणि बीपीच्या पेशंटना, मीठ बंद म्हणून मिठाऐवजी शिंपडायला लिथियम क्लोराइड विकत होते. चवीला खारटच लागतं. म्हणजे सोडियम तोडलेली माणसं आणि वरून हवं तेवढं लिथियम, मोजमाप काही नाही. काहीजण दगावले, बाजारातून ते मीठ उठवावं लागलं. आणि नेमक्या त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या जॉन केड या डॉक्टरचा लेख आला की मॅनियाचे, म्हणजे मन फार उसळलेले, दहा पेशंट लिथियमने शांत झाले. हा माणूस महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तुरुंगछावणीत तीन वर्षांहून जास्त कैदेत होता. परत आल्यावर हॉस्पिटलच्या वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात गिनिपिगवर प्रयोग करत होता. युरिक ॲसिड विरघळावं म्हणून त्याने लिथियमचं मीठ घेतलं, आणि गिनिपिग उताणे पडून शांत राहिले. त्याचा पहिला पेशंट पाच वर्षं सतत उसळलेला, तीनेक महिन्यांत घरी गेला. पुढे गोळ्या सोडल्या, परत बिघडला, परत सुरू केल्या आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने गेला. रक्तातली लेव्हल बघून डोस ठरवायची रीत तेव्हा नव्हती. मोजायला लागल्यावरच हे औषध वापरण्याजोगं झालं. अमेरिकेने तर १९७० पर्यंत परवानगी दिली नाही, त्या मिठाची धास्ती होती.

---

निसर्गमित्र_७७ (शुक्रवार, रात्री १०.०२)

लिथियम म्हणजे बॅटरीतलं विष. अकरा वर्षं माणसाला विष खाऊ घालायचं आणि मग मीठ चुकलं म्हणायचं. ही संधी आहे, आता सोडलंय तर कायमचं सोडा. अश्वगंधा, ब्राह्मी, प्राणायाम. माझ्या मेव्हण्याला फरक पडला.

---

पंपहाऊस_मिरज (शुक्रवार, रात्री १०.१४)

निसर्गमित्र, स्वयंपाकाच्या मिठातलं सोडियम पाण्यात टाकलं तर पेट घेतं आणि क्लोरीन आम्ही सिलिंडरमध्ये कुलूप लावून ठेवतो. तरी तुम्ही आज जेवलात ना?

मी २०१४ मध्ये तुमच्यासारखाच विचार केला होता. अकरा वर्षं काही झालं नाही, म्हणजे मी बरा आहे. एका दिवसात बंद केलं. पहिले दोन आठवडे मस्त गेले, थरथर गेली, रात्री लघवीला उठणं कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात मी रात्री दोन वाजता पंपहाऊसमधले सगळे वॉल्व्ह पिवळ्या ऑइल पेंटने रंगवत होतो. रंग स्वतःच्या पैशाने आणलेला, बायकोच्या पाटल्या गहाण टाकून. अजून दोन वॉल्व्हवर तो रंग आहे. रोज दिसतो.

लिथियम झटक्यात सोडलं की आजार उलटून येण्याचा धोका मोठा असतो. आणि आत्महत्येपासून वाचवण्याबाबत या आजारात याच्याइतका पुरावा दुसऱ्या औषधामागे क्वचितच असेल. आज रात्रीची गोळी थांबवा म्हणालो ते विषबाधेच्या संशयापुरतं. 'सोडा' म्हणालो नाही. ताई, हे वेगळं आहे.

---

बी_फार्म_पुणे (शुक्रवार, रात्री ११.३०)

पंपहाऊस काकांनी मूत्रपिंडाचं जे सांगितलं त्यात मी फार काही भर घालू शकणार नाही. 'गोळी करते काय' हा ताईंचा प्रश्न तेवढा राहिला.

पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. जेवढं पक्कं आहे ते असं: लिथियमचा आयन आकाराने मॅग्नेशियमच्या आयनाच्या जवळ आहे. पेशीतली काही एन्झाइम्स मॅग्नेशियमला धरून चालतात, त्या जागेवर लिथियम घुसतं आणि त्यांचा वेग कमी करतं. त्यातली दोन महत्त्वाची. एक इनोसिटॉल मोनोफॉस्फेटेज. पेशीच्या आत निरोप पोचवायला इनोसिटॉल लागतं, ते पुन्हा वापरात आणण्याचं काम हे एन्झाइम करतं. ते मंदावलं की जास्त उत्तेजित झालेल्या पेशींचा गोंगाट उतरतो, असा तर्क आहे. दुसरं जीएसके-३, ते दाबलं की पेशी टिकवणारे मार्ग सुरू राहतात. गोळी घेतल्यावर मॅनिया उतरायला आठवडा-दहा दिवस का लागतात, तेही यावरून थोडं कळतं. हा झोपेच्या गोळीसारखा गुंगीचा परिणाम नाही, पेशी आतून सावकाश बदलतात.

रात्री लघवीला उठण्याचं कारणही असंच आहे. लिथियम मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळीतल्या पेशींमध्ये सोडियमच्याच दारातून शिरतं आणि पाणी परत शोषणाऱ्या वाहिन्या कमी करतं. पाणी अडवा हा मेंदूचा हुकूम तिथे पोचतो, पण ऐकणारं कुणी नसतं. म्हणून लिथियमवाल्या माणसाचं पाणी कधी तोडू नये.

एक दुरुस्ती मात्र करतो. थायझाइड आणि लिथियम कधीच एकत्र द्यायचं नाही, असं नाही. गंमत म्हणजे लिथियममुळे होणाऱ्या या फार लघवीवरच कधीकधी थायझाइड देतात. पण तेव्हा लिथियमचा डोस बराच कमी करतात आणि लेव्हल बघत राहतात. न सांगता सुरू केलं की घोळ होतो. काउंटरवर दोन चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या दिवशी येतात, तिथे आम्हीही चुकतो. कबूल करतो.

---

धाकटी_अकोला (रविवार, दुपारी ४.४०)

सगळ्यांना हात जोडून नमस्कार. आत्ता श्वास घ्यायला वेळ मिळाला.

लेव्हल १.७४ आली. गोळीनंतर तेवीस तास झाले होते, म्हणजे आधी आणखी जास्त असणार, असं डॉक्टर म्हणाले. क्रिएटिनिन १.६, जानेवारीत १.० होतं. ईसीजी ठीक. मी टोपीचा रंग बघितला, लाल होती. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही लॅबमध्ये आहात का?" मी म्हटलं, नाशिकची मैत्रीण आहे.

सलाइन लावलं, मध्येमध्ये सोडियमही मोजत होते. लिथियममुळे लघवी फार होते त्यांना नुसतं सलाइन चालू ठेवलं तर सोडियम चढतं म्हणे. आज सकाळी लेव्हल ०.८२. डायलिसिसची गरज पडली नाही. जीभ मोकळी झाली, पहिलं वाक्य होतं "दुकानाची किल्ली कुणाकडे आहे?" चालताना अजून तोल जातो. पंपहाऊस काका, तुम्ही आधीच लिहून ठेवलंत म्हणून रडले नाही.

नागपूरच्या डॉक्टरांचा फोन काल लागला. बीपीची ती गोळी बंद, त्याऐवजी ॲम्लोडिपिन, तिचा लिथियमवर तसा परिणाम नाही म्हणाले. लिथियम मंगळवारी ४०० ने परत सुरू, पाच-सात दिवसांनी लेव्हल, मग पुढचं. टीएसएच आणि कॅल्शियमही करायला सांगितलंय. ते तीन वर्षांत झालंच नव्हतं. थायरॉइड आणि कॅल्शियमवरही ही गोळी परिणाम करते हे मला माहीतच नव्हतं.

बीपीवाल्या डॉक्टरांकडे काका भांडायला निघाले होते. मी अडवलं. दादाने त्यांना लिथियमचं सांगितलंच नव्हतं. 'डोक्याची गोळी' म्हणायला लाजतो तो. त्यांनी विचारलंही नव्हतं.

आई दोन दिवस गप्प आहे. मी सांगितलं, तुझी चूक नाही. काल डब्यात वरण आणलं, त्यात मीठ होतं. नेहमीपेक्षा जास्तच होतं. आता विचारतेय की सैंधव चालेल का, आणि पापड परत सुरू करायचे का.

---

पंपहाऊस_मिरज (रविवार, संध्याकाळी ५.०५)

आईंना सांगा, सैंधवही सोडियमच, चालेल. पण 'लो सोडियम' लिहिलेलं पाकीट आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, मूत्रपिंड आत्ताच दमलेलं आहे. मीठ जानेवारीत होतं तेवढंच ठेवा. आता भरपाई म्हणून लोणच्याची बरणी पुढे ठेवली तर उलटं होईल, लिथियम लघवीतून वाहून जाईल आणि लेव्हल पडेल. पापड असेल तर एक, रोज एकच. बीपीसाठी मीठ कमी करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू, मध्ये लेव्हल करून.

चहाचंही तसंच. दादा दिवसाला पाच कप घेत असतील तर एकदम बंद करू नका, कॅफीन सुटलं की लेव्हल चढते.

आणि आषाढी येतेय. घरात निर्जळी करायची पद्धत असेल तर दादांना त्यातून वगळा. आमच्या आईने विठोबाला सांगून टाकलंय की याचा उपवास मी करते.